सुमनची रिकामी जागा

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर आमचे गुरुजीसुद्धा चष्मा पुसून वाचायचे. आता तर हाताला पळीची सवय जास्त. चुका असतील, त्या सुधारून वाचाव्यात. ही वही मी माझ्यासाठीच लिहिते आहे, फार तर कमलनं वाचावी. कमल आणि मी गावच्या शाळेत मुलांचा दुपारचा पोषण आहार शिजवतो. ती म्हणाली, "इंग्लंडला जाऊन आलीस, तोंडानं तर काही सांगणार नाहीस. निदान लिहून ठेव."

माझी मुलगी रेखा मिल्टन कीन्सला दवाखान्यात नर्स आहे. तिच्या बाळंतपणासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे मी तिच्याकडे होते. जातानाचं तिकीट तिनं काढलं होतं. येतानाचं जावयांनी काढलं, आणि तिथूनच सगळं घडलं. म्हणून परतीचाच प्रवास लिहिते.

त्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही घरातून निघालो. रेखा बाळाला घेऊन दारात उभी होती. "आई, विमानात पाय सुजतात. सॉक्स काढू नकोस. आणि काही लागलं तर बेल दाब, लाजत बसू नकोस." मी हो म्हटलं. बेल दाबणार नाही हे तिलाही माहीत होतं.

मिल्टन कीन्स हे आखून वसवलेलं गाव आहे. पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी तांबडे रस्ते वेगळे, त्यांना रेडवे म्हणतात. मी रोज बाबागाडी घेऊन त्यावरून फिरायची. सहा आठवड्यांत समोरून आलेली माणसं बोटांवर मोजावीत इतकी. बाकी सगळे गाडीत. गाड्यांच्या रस्त्याला सिग्नल कमी आणि राउंडअबाऊट (गोल चौक) फार. एक संपला की दुसरा. मी तोंडाला पदर लावून बसले होते. संदीपराव, म्हणजे जावई, गाडी चालवताना म्हणाले, "आई, खिडकी थोडी ओपन करू का?" मी मान हलवली. मी त्यांच्याशी बोलते ती बहुतेक मानेनंच.

तिकीट काढलं तेव्हाही असंच झालं होतं. रेखा बाळाला घेऊन झोपली होती. संदीपराव स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन घेऊन बसले आणि म्हणाले, "आई, ही चायनीज एअरलाइन एकदम स्वस्त देतेय. सरकारी नाही, एका माणसाची प्रायव्हेट कंपनी आहे. बॅगचे वेगळे, जेवणाचे वेगळे, सीट निवडायचे वेगळे. नुसतं बसून जायचं असेल तर इतकं कमी कुणीच घेत नाही. मध्ये चीनमध्ये विमान बदलायचं, एवढंच." जेवण मात्र त्यांनी माझ्यासाठी शाकाहारी सांगून ठेवलं आणि एक जागाही निवडून ठेवली. मग त्यांनी विचारलं, "नाव सुमनच ना?"

सासरी मला सगळे सुमन म्हणतात. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं सुमन लिहिलं, त्या दिवसापासून मी सुमन. पण पासपोर्ट काढताना जन्मतारखेचा कागद म्हणून माझा शाळेचा दाखला लावला होता, आणि दाखल्यावर माहेरचं नाव, द्वारका. पासपोर्टवर द्वारका आलं. हे मला माहीत होतं. पण जावई इतक्या विश्वासानं विचारत होते, त्यात त्यांचं बोट बटणावर. त्यांना चूक कसं म्हणायचं? शिवाय सुमन हे खोटं नावही नव्हतं. मी मान हलवली.

लंडनच्या विमानतळावर दहा वाजता पोहोचलो. साडेबाराचं विमान. त्या कंपनीचे चार काउंटर होते आणि रांगेत बहुतेक चिनी विद्यार्थी. प्रत्येकजण बॅग आधी वजनकाट्यावर ठेवून बघायचा, मग त्यातला कोट काढून अंगात घालायचा. एका मुलीनं तीन कोट घातले. ती घामाघूम होती आणि हसत होती. मला ते आवडलं. आमच्या एस.टी.तही लोक अर्धं तिकीट वाचवायला पोरांना मांडीवर घेतात.

काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट पाहिला, पडद्याकडे पाहिलं, परत पासपोर्ट पाहिला. मग संदीपरावांशी इंग्रजीत बोलू लागली. त्यांचा चेहरा उतरत गेला. ते माझ्याकडे वळले.

"आई, पासपोर्टवर द्वारका कोण आहे?"

"मीच," मी म्हटलं.

"आणि सुमन?"

"तीपण मीच."

त्यांनी काउंटरवरचा पासपोर्ट उचलून नाव स्वतः वाचलं. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलं?" आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

काउंटरवरच्या मुलीनं मागून त्यांच्या साहेबाला बोलावलं. साहेब म्हणजे पन्नाशीची बाई निघाली. केस कापलेले, पायात साधे बूट. तिचं नाव लिन. तिनं सांगितलं आणि संदीपरावांनी मला मराठीत समजावलं, ते असं. एक-दोन अक्षरांची चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करतात. पण अख्खं नाव बदलता येत नाही. पूर्वी दलाल स्वस्त तिकिटं आधीच घेऊन ठेवायचे आणि मग नाव बदलून दुसऱ्याला महाग विकायचे. म्हणून मालकानंच हा नियम केला. लिनबाईंनाही तो मोडता येत नाही.

"नेक्स्ट स्वस्त फ्लाइट तीन दिवसांनी आहे," संदीपराव म्हणाले. "याच फ्लाइटला जागा आहे, पण आजच्या भावानं. आई, तीन दिवस थांबलात तर चालेल ना?"

चालणार नव्हतं. परवा शाळा उघडणार होती. पहिल्या दिवशी स्वयंपाकाच्या दोन्ही बायकांनी हजर राहून वर्षाच्या करारावर सही करायची, हा आमच्या शाळा समितीचा नियम. गेल्या वर्षी एका बाईला भावाच्या लग्नामुळे एक दिवस उशीर झाला, तर तिची जागा गेली. माझ्या जागेसाठी दोघीजणी टपून होत्या. रेखाला नर्सिंग शिकवलं ते त्याच चुलीवर, तेव्हा गॅस नव्हता. ते काम मला सोडायचं नव्हतं. आणि आता मान हलवून भागणार नव्हतं.

"नाही चालणार," मी म्हटलं. "शाळा आहे. पण मी तुमचे पैसे असे घेणार नाही. उसने घेते. फेडीन."

संदीपराव माझ्याकडे बघत राहिले. सहा आठवड्यांत मी त्यांच्याशी इतकं सलग बोलले नव्हते. माझी आई लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायची नाही. मी सहा आठवडे जेवले, ते नातवासाठी. पण जावयाकडून पैसे घेणं वेगळं. आणि रक्कम माझ्या दोन वर्षांच्या मानधनाहून जास्त होती. त्यांनी कार्ड काढलं आणि म्हणाले, "ठीक आहे, उसने. आता चला, काउंटर क्लोज होईल."

तिकीट छापेपर्यंत लिनबाई आमच्याजवळ आल्या. त्यांना एक गोष्ट समजत नव्हती. चीनमध्ये लग्न झाल्यावर बाई आडनावसुद्धा बदलत नाही. "मग तुमचं पहिलं नाव कुणी बदललं?"

मी तांदळाची गोष्ट सांगितली. संदीपरावांनी भाषांतर केलं. लिनबाईंनी विचारलं, "तो तांदूळ कुठे आहे?"

"दुसऱ्या दिवशी शिजवला."

"म्हणजे पुरावा खाऊन टाकलात," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "दोन्ही नावं एकत्र असलेला एखादा कागद आहे?"

कागद नव्हता. पण माझ्या पिशवीत चपात्यांचा स्टीलचा डबा होता. तो लग्नात मामानं दिलेला. त्यावर कोरलेलं आहे, 'चि. सौ. कां. द्वारका हिस मामाकडून.' त्याचं मूळ झाकण कधीच हरवलं. आताचं झाकण सासूबाईंनी दिलेल्या डब्याचं, त्याच मापाचं. त्यावर 'सौ. सुमन' आहे. मी डबा काउंटरवर ठेवला. संदीपरावांनी दोन्ही नावं वाचून दाखवली. काउंटरवरच्या मुली गोळा झाल्या. लिनबाईंनी डब्याचा फोटो काढला, मग झाकणाचा, मग झाकण लावलेल्या डब्याचा.

"याच्यावर मी विमानात बसवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण पैसे परत मागायचा अर्ज करा. हा फोटो मी जोडते. तुमच्या गावच्या पंचायतीचा दाखला पाठवा. नेहमीपेक्षा वेगळी तक्रार असली की ती मालकापर्यंत जाते. तो वाचतो."

तपासणीच्या दारापर्यंत त्या आमच्याबरोबर चालल्या. वाटेत कंपनीबद्दल सांगत होत्या. मालक आधी एका खोलीत बसून सहलीची तिकिटं विकायचा, बसच्या सहली. सरकारनं खासगी लोकांना विमानं चालवायला परवानगी दिली तेव्हा त्यानं तीन विमानं भाड्यानं घेतली. लिनबाई तेव्हा हवाईसुंदरी म्हणून लागल्या. "सुंदरी कसली," त्या म्हणाल्या, "विमान उतरलं की आम्हीच केर काढायचो. साफसफाईला वेगळी माणसं ठेवली तर विमान जास्त वेळ उभं राहतं, आणि उभं विमान कमावत नाही." चांगल्या वेळा सरकारी कंपन्यांना मिळायच्या. यांना पहाटेच्या आणि आडवेळेच्या. म्हणून स्वस्त तिकीट. सगळी विमानं एकाच जातीची ठेवली, म्हणजे चालवणाऱ्यांना एकच शिक्षण आणि एकच सुटे भाग. लोक हसायचे. मग लोकांनी तिकिटं घेतली. आता लांबच्या देशांसाठी मोठी विमानं आली. नेमकी किती झाली ते लिनबाईंनाही आठवेना.

मला ते सगळं समजलं. आम्हीही एकाच शेगडीवर दीडशे पोरांचं करतो, आणि भांडी घासायला वेगळी बाई नाही.

दारापाशी मी संदीपरावांना म्हटलं, "चूक माझी होती. मी मान हलवायला नको होती." ते वाकून पाया पडले आणि म्हणाले, "आई, मीपण पासपोर्ट बघायला हवा होता. पोहोचल्यावर फोन करा. फोनवर मान हलवू नका, दिसत नाही."

विमानात माझी जागा मागच्या बाजूला खिडकीजवळ होती. शेजारची जागा रिकामी. विमान सुटेपर्यंत कुणी आलं नाही. मी जुन्या तिकिटावरचा आकडा आणि त्या जागेचा आकडा ताडून पाहिला. ती सुमनची जागा होती. लिनबाईंनी मला मुद्दाम तिच्या शेजारी बसवलं होतं.

खाली हिरवी शेतं आणि त्यांची झुडपांची कुंपणं दिसली, मग ढग. दोन तासांनी जेवणाच्या गाड्या आल्या. माझ्या नव्या तिकिटात जेवण नव्हतं. एक मुलगी हातात चिठ्ठी लावलेला ट्रे घेऊन रांगांमधून येत होती. माझ्यापाशी थांबून तिनं विचारलं, "सुमन?"

मी घाबरले. हो म्हणावं तर द्वारकाचं काय, उतरवतील की काय. नाही म्हणावं तर खोटं. मी गप्प बसले. तिनं यादी पाहिली, रिकामी जागा पाहिली, त्या जागेसमोरचं टेबल उघडलं, ट्रे ठेवला आणि निघून गेली. भात, बटाट्याची भाजी, एक केळं. मी पाच मिनिटं वाट पाहिली. मग सुमनचं जेवण द्वारकानं खाल्लं. भाजीत मीठ कमी होतं. चपात्या चीनसाठी राहिल्या.

चीनच्या विमानतळावर चार तास थांबायचं होतं. तिथे पाण्याच्या नळाला उकळतं पाणी येतं. लोक डबे, बाटल्या घेऊन रांगेत उभे होते. मी डबा उघडून चपाती-चटणी खाल्ली आणि गरम पाणी प्याले. एका म्हातारीनं माझ्या चटणीकडे बोट दाखवलं. मी चिमूटभर दिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं परत हात पुढे केला.

मुंबईला उतरताना मी रांगेत शेवटची होते. मागे वळून पाहिलं, तर दोन हवाईसुंदरी हातमोजे घालून पिशवीत कागद गोळा करत येत होत्या. मी माझ्या सीटवरचा आणि शेजारच्या सीटवरचा कचरा आधीच गोळा केला होता. त्यांच्या पिशवीत टाकला. त्यांनी मान लववली, मीही लववली.

रातराणी एस.टी.नं गावी आले आणि अंघोळ करून साडेनऊला शाळेत पोहोचले. कमल गेटवर होती. "सही करून ये आधी," ती म्हणाली, "तुझा पत्ता नाही म्हणून दोघीजणी पावडर लावून येऊन बसल्यात." मी सही केली. त्या दिवशी मुलांना गोड भात होता.

मग अर्जाचं सुरू झालं. आधी कंपनीनं सुमनच्या तिकिटातले फक्त कराचे पैसे परत केले आणि नियम कळवला. मी पंचायतीत जाऊन 'द्वारका ऊर्फ सुमन, दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असा दाखला मागितला. मागितला म्हणजे तोंडानं मागितला, चौघांसमोर. ग्रामसेवक म्हणाले, "तुम्ही बोलता होय?" दाखला संदीपरावांना पाठवला. त्यांनी इंग्रजी करून पुढे पाठवला. मधल्या काळात मी दर महिन्याला मानधनातले थोडे रेखाच्या इथल्या खात्यात भरत होते. ती ओरडायची. मी भरत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत संदीपरावांचा फोन आला. विमान कंपनीच्या ऑफिसातून पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं की डब्याचा फोटो मालकांनी पाहिला. एकाच बाईनं एकाच विमानाच्या दोन जागांचे पैसे भरले हे त्यांना मान्य आहे. दुसऱ्या, म्हणजे द्वारकाच्या महाग तिकिटाचे पैसे, आधी दिलेले कराचे वजा करून, संदीपरावांच्या कार्डावर जमा केले आहेत.

"सगळे?" मी विचारलं.

"सगळे, आई. आणि तुम्ही भरलेले मी आज तुमच्या खात्यात परत टाकतोय. आता नाही म्हणू नका."

मी मान हलवली. मग लक्षात आलं की फोन आहे.

"बरं," मी म्हटलं. "फिटले."