दोन रिंग म्हणजे शिंदे पोचले

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन मजली बिल्डिंगमध्ये एकच टेलिफोन असावा आणि तो माझ्यासारख्या घाबरट माणसाच्या घरी असावा, एवढं पुरतं. हे सगळं असंच घडलं का, अशी शंका मला लिहिताना येतेच. पण मालती, म्हणजे माझी बायको, म्हणते, "याहून जास्त घडलं होतं. लिहा तुम्ही!"

आम्ही नेरूळला राहायचो. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये मुंबईत एका दुपारी ठिकठिकाणी बॉम्ब फुटले, तेव्हा पहिल्या मजल्यावरचे शिंदे फोर्टात, ऑफिसात होते. एक स्फोट त्यांच्या जवळच झाला. संध्याकाळी उशिरा ते अंगभर धूळ घेऊन घरी आले. तोवर शिंदेवहिनी आमच्या फोनसमोर उभ्या होत्या. एकदाही बसल्या नाहीत.

मग ठरलं. ऑफिसात पोचलं की आमच्या फोनवर रिंग द्यायची आणि कट करायची. दोन रिंग म्हणजे शिंदे पोचले, तीन म्हणजे आमच्या शेजारचे अय्यर, तेही मुंबईत नोकरीला. आम्ही फोन उचलायचा नाही!

* * *

पहिल्याच आठवड्यात मी सवयीने उचलला.

"सर, शिंदे बोलतोय. उचलला कशाला? पोचलो म्हणून रिंग देत होतो."

"पोचलात ना नक्की?"

"पोचलो!"

"मग ठेवा, आणि दोन रिंग द्या."

मालतीने कपाळावर हात मारला. शिंदे मात्र भला माणूस. त्यांनी दिल्या!

* * *

तळमजल्यावर म्हात्रेशेठचं दुकान. ते इथल्या गावातलेच. मुलगा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला, स्कूटरने फार तर अर्धा तास. एक दिवस शेठ वर आले आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "आमाला पन घंटी पायजे."

"अहो, कळंबोलीला कशाला?"

"तुमी मुंबैवाल्यांचीच कालजी करता काय सर? माझ्या पोराचा जीव काय लोखंडाचा हाय?"

चार रिंग त्यांना दिल्या. तेव्हापासून रोज सकाळचा एक चहाही!

* * *

एकदा वहिनी, अय्यरबाई आणि म्हात्रेशेठ असे तिघं वाट बघत बसले होते, म्हणजे वहिनी सोडून दोघं. वहिनी दारात उभ्या. फोन वाजायला लागला. दोन... तीन... चार... थांबेचना. नऊ रिंग होऊन बंद झाला.

माझ्या डोक्यात उजेड पडला. "दोन अधिक तीन अधिक चार! सगळे एकदमच पोचले!"

सगळे खूश होऊन उठले. तेवढ्यात अय्यरबाई म्हणाल्या, "पण सर, आमचे हे आज रजेवर आहेत. घरी झोपलेत. मी आपली सवयीने आले."

वहिनी अर्ध्या जिन्यातून परत आल्या.

फोन माझ्या व्याह्यांचा होता, पुण्याहून. मला नात झाली, हे मला दुसऱ्या दिवशी तारेने कळलं!

* * *

मी तीस वर्षं कॉलेजात संभाव्यता शिकवली. डॉक्टरेटही त्यातलीच. शिंद्यांची रिंग एकदा पंधरा मिनिटं उशिरा झाली, तेव्हा मला राहवेना. कागद घेतला आणि वहिनींना समजावू लागलो. रोज लाखो माणसं मुंबईत जातात, त्यात एकाला काही होण्याची शक्यता अमुक इतकी कमी.

वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, त्या दिवशी पण कमीच होती ना?"

मी कागदाची घडी घातली. तेवढ्यात फोन वाजला. दोनदा.

वहिनी पहिल्यांदाच खुर्चीवर टेकल्या. पदराने तोंड पुसलं. "हां सर, आता सांगा तुमचं गणित."

* * *

दोन वर्षं हे असंच चाललं. एका सोमवारी दहा वाजले, साडेदहा वाजले. ना दोन, ना तीन, ना चार. शेवटी मी भीत भीत रिसीव्हर उचलला. फोन मेलेला! खाली रस्ता खणत होते, त्यात केबल तुटली होती. कोपऱ्यावरचा टेलिफोन बूथही बंद.

"वहिनी, फोनच बंद आहे! काही झालेलं नाही!" मी जवळजवळ ओरडलोच.

"मग ते पोचले का नाही?"

मालतीने खुर्ची पुढे केली. वहिनी उभ्याच.

साडेबाराला जिन्यात पावलं वाजली. शिंदे! शर्ट घामाने भिजलेला, हातात डबा तसाच.

"रिंगच लागेना. म्हटलं, ही उभीच असेल." त्यांना धाप लागली होती. "मी साडेनऊलाच पोचलो होतो गं. तेवढं सांगायला आलो."

वहिनींनी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. आता जावा, साहेब वरडतील."

शिंदे वळले. जिन्यात म्हात्रेशेठ उभे होते.

"जातोस खरा," शेठ म्हणाले, "पन फोन तं बंद हाय. परत पोचलास ता हिला कसा कलनार?"

शिंदेंनी वहिनींकडे बघितलं. मग पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.