भायरचा की भायरचो

ती घटना आजही आठवते ती एका अक्षरामुळे. नोकरीची शेवटची वर्षे होती. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातले एक पोलीस ठाणे माझ्याकडे होते. मी मूळचा डिचोलीचा, इथल्या बोलीत दिवचलचा.

खबर दिली एका टेंपोवाल्याने. मोपा विमानतळाच्या बाजूला परप्रांतीय कामगार भाड्याच्या खोल्यांत राहत. तिथली बिऱ्हाडे सकाळपासून त्याला रेल्वे स्टेशनवर सोडायला बोलावत होती. "भाडा बरा गावता साहेब, पण बायका रडतत," तो म्हणाला. कारण विचारले तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला.

अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता. जत्रेत देवळासमोर गाऱ्हाणे घालणारा, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणे मागणारा म्हातारा मानकरी हात जोडून म्हणत होता, "भायरचा जाळून भस्म कर," आणि गाव एका आवाजात साथ देत होता, "व्हय महाराजा." खाली मथळा होता : 'गावाने ठरवले. बाहेरच्यांनो, वेळेत निघा.'

दुपारी कामगारांच्या मुकादमाची लेखी तक्रार आली. दोन समाजांत वैर पसरवणे, म्हणजे दखलपात्र गुन्हा. पणजीहून वरिष्ठांचा फोन आला की म्हाताऱ्याला आधी अटक करा, बाकीचे नंतर पाहू. अटक केली तर सगळा गाव ठाण्यावर येणार. नाही केली आणि एखादी खोली पेटली, तर जबाबदार मी. दोन्ही बाजूंनी मांडून पाहिले, हिशेब जुळत नव्हता. शेवटी खोल्यांवर बंदोबस्त लावला, म्हाताऱ्याला नोटीस देऊन जबाबाला बोलावले. तो धुतलेला सदरा घालून आला.

"हा भायरचा कोण?" मी विचारले.

"कोण न्हय साहेब. काय."

मला कळले नाही. तो किंचित हसला. "तुमी दिवचलचे मां? माणसाक आमी भायरचो म्हणतंव. भायरचा म्हणजे भूत, बाधा. पोरांक लागता ता."

पण प्रत्येक आरोपीकडे खुलासा असतोच, नुसत्या शब्दावर कसे सोडणार? पूर्ण गाऱ्हाणे ऐकणे भाग होते. गावातल्या एका बाईने ते कुवेतला असलेल्या मुलासाठी चित्रित केले होते. त्यात त्या वाक्याआधी होते, "पोराबाळांका जा काय लागला आसात". आणि नंतर होते, "आयल्यागेल्याक सुखरूप ठेव". कापणाऱ्याने पुढचे आणि मागचे दोन्ही बरोबर उडवले होते.

व्हिडिओ कोणाकडून कोणाकडे गेला ते उलट तपासत गेलो, तेव्हा गावातलाच एक तरुण सापडला. विमानतळावरच्या कामाला त्याला घेतले नव्हते. तो घाबरला नाही. "मी शिवी दिली नाय, कोणाक मारा म्हटला नाय. मत मांडूचा नाय काय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. व्यासपीठावरून याहून कडवट बोलणारे मी ऐकले आहेत आणि वही मिटून घरी गेलो आहे. राग येणे आणि तो बोलून दाखवणे हा गुन्हा नव्हे. पण चा आणि चो यांतला फरक या मुलाला जन्मापासून ठाऊक होता. खोल्यांतल्या बायकांना तो ठाऊक नव्हता, आणि त्याने त्याचाच फायदा घेतला. गुन्हा मी त्याच्यावर नोंदवला. योग्य की अयोग्य ते न्यायालय ठरवील. खटला चालू आहे. मुकादमाने पुरवणी जबाब देऊन म्हाताऱ्याचे नाव मागे घेतले. काही बिऱ्हाडे परतली, काही नाहीच.

पुढच्या जत्रेला मी गणवेशात देवळाच्या पायरीशी बंदोबस्तावर उभा होतो. म्हातारा गाऱ्हाणे घालत "पोराबाळांका" पर्यंत आला. त्याची नजर माझ्यावर पडली. तो थांबला आणि एकदम "आयल्यागेल्याक सुखरूप ठेव" वर गेला. गाळलेल्या वाक्याला साथ द्यायला गावाने श्वास भरून घेतला होता. "व्हय महाराजा" उशिरा आणि विस्कळीत आले.

नंतर मी विचारले, ते वाक्य का गाळले?

"देवाक कळता साहेब. मोबाइलाक कळना."

तुम्ही खुशाल म्हणा, असे मी सांगितले. तो मान डोलावून गेला. मी त्याला अटकेपासून वाचवले होते, पण भीतीपासून नाही. कायदा राबवताना दोषी सापडला की आपण फाइल बंद करतो; निर्दोष माणूस काय बोलायचे सोडून देतो, त्याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही. निवृत्तीनंतरही मी त्या जत्रेला जातो, आता साध्या कपड्यांत, गर्दीच्या मागे उभा राहून. ते वाक्य अजून परत आलेले नाही.