फ्रीजरमधले सोले

धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. तिचं घर यवतमाळात, नवरा नोकरीवाला, फ्रीज दोन दारांचा. त्याचं काही नाही, लखलाभ असो. पण आमची सासू तिच्याकडं राहायची, ते मला सलायचं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून गावाहून गेल्या अन् तिकडच्याच झाल्या.

मला वर्षातला एक महिना मिळायचा. कपाशीत मधूनमधून आमच्या तुरीच्या ओळी असतात. थंडीत शेंगा भरल्या, की त्यातले हिरवे दाणे, म्हणजे सोले, घालून वांग्याची भाजी करायची. त्या भाजीवर आत्याबाईंचा जीव. मी फोन करायची, "आत्याबाई, सोले खायले या," अन् त्या यायच्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं अर्धं नेलं, उरलेल्याला भाव नाही. भावाची वाट पाहत पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस पडून. नवरा त्याच्याकडं पाहत बसायचा, दिवसभरात चार शब्द बोलला तर नशीब. आत्याबाई आल्या की शेंगा सोलता सोलता अख्ख्या गावाची उठाठेव करायच्या, मला नावं ठेवायच्या, नवराही हसायचा. त्या गेल्या की घर पुन्हा मुकं. जाताना जावेसाठी मी पोतंभर शेंगा पाठवायची. मनात म्हणायची, घे बाई, तुझ्याकडं सगळं आहे, हे तेवढं नाही.

एका उन्हाळ्यात यवतमाळला गेले, तर जाऊ मला नव्या सुपरमार्केटात घेऊन गेली. स्वस्त म्हणून सगळं गाव तिथं लोटलेलं. ती साबणाच्या रांगेत रमली, मी फ्रीजरजवळ उभी राहिले. बाहेर उन्हाचा वणवा अन् इथं काचेखाली मटार, मक्याचे दाणे, पराठे, सगळं बर्फात. एकावर एक फुकट. एक पाकीट उचललं, त्यावर कुठलंसं गुजराती नाव होतं. पण दाणे मी ओळखले. मे महिन्यात सोले. सोललेले, निवडलेले.

मग मी जे केलं त्याची आज लाज वाटते. इकडंतिकडं पाहिलं अन् ती सगळी पाकिटं मक्याच्या खाली, पार तळाला दडपली. बोटं बधिर झाली तरी एकही वर राहू दिलं नाही.

"काय शोधून राह्यल्या ताई?" जाऊ मागं उभी होती.

"काही नाही व. मटार पाहून राह्यले."

तिनं वाकून नेमका तळालाच हात घातला. सोले कुठल्या खणात असतात ते तिला ठाऊक असावं, वर दिसले नाहीत म्हणून खाली उकरलं. "हे घ्या ना, आपले सोले. आत्याबाईले लय आवडतात." चार पाकिटं तिनं टोपलीत टाकली. दोन विकत, दोन फुकट. मला तर त्या फुकटच्या दोनचाच जास्त राग आला.

संध्याकाळी तिनं वांगं-सोले केले. मी आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहत बसले. देवा, एक तरी खोट काढू दे यांना. त्यांनी दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली. मग माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "बरं झालं व माय. आता तुले पोतं पाठवाची कटकट नाही."

किती मायेनं म्हणाल्या. मला ती कटकटच पाहिजे होती.

थंडी पडली, शेंगा भरल्या. मी नेहमीसारखा फोन केला, "आत्याबाई, सोले खायले या."

"सोले त इथं बारा महिने आहेत," त्या म्हणाल्या. "टोंगळे दुखून राह्यले माहे, पायरी चढवत नाही. बसचे धक्के खात कायले येऊ?"

एरवी मी "बरं" म्हणून फोन ठेवला असता अन् जावेला मनातल्या मनात शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी मात्र माझं डोकंच फिरलं.

"सोल्यासाठी नका येऊ," मी म्हणाले. "माह्यासाठी या. मले करमत नाही तुमच्याबिगर. तुम्ही तिच्याजवळ राहता, माहा नुसता जळफळाट होते."



"मंग असं सांगाचं ना," आत्याबाई म्हणाल्या. "इतके वर्षं मले वाटे, शेंगा सोलाले माणूस पाहिजे म्हणून बलावते."