तीनच्या वर काय असतं

तोवे क्विस्टगोरच्या लग्नाला तेहेतीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तिच्या नवऱ्याने, होल्गरने, तिच्या स्वयंपाकाला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. डुकराच्या मांसाचे कुरकुरीत काप, पार्सली घातलेला पांढरा सॉस, उकडलेले बटाटे, सगळं तिसऱ्यांदा वाढून घ्यायचं, शेवटच्या बटाट्याने ताट लख्ख पुसायचं आणि खुर्ची मागे सारत म्हणायचं, "खाण्यासारखं होतं." तोवेला यात काही खटकत नाही. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या आमच्या भागात स्तुती यापुढे जातच नाही. पीक भरघोस आलं तर माणूस म्हणतो, "तसं वाईट नाही." लेक डॉक्टर झाली तर म्हणतो, "लागली मार्गाला." कुणी उघड उघड "फारच सुंदर" म्हणालं, तर त्याला काहीतरी विकायचंय किंवा तो कोपनहेगनहून आलाय असं समजून लोक दोन पावलं मागे सरतात.

तोवे बुंडगोरच्या कारखान्यात काम करते. तिथे गाईगुरांच्या गोठ्यांसाठी लोखंडी फाटकं बनतात. शेडमध्ये अठरा माणसं, ऑफिसात एकटी तोवे आणि सगळ्यांच्या वर मालक वेर्नर बुंडगोर. तोवेच्या कामाला नाव असं कधी नव्हतंच. फोन तिने घ्यायचे, ऑर्डरी तिने लिहायच्या, कुणाचा वाढदिवस असला की पाव आणि लोणी तिनेच आणायचं. नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा वेर्नरने फुलांचा गुच्छ तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आहेस अजून तू." हे वाक्य तिने सहा वर्षं जपून ठेवलं होतं, कारण दुसरं नव्हतं.

मार्च महिन्यात नॉर्वेच्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. कारखान्यातली निम्मी फाटकं हेच गिऱ्हाईक घेई. पत्रात लिहिलं होतं, की नव्या वर्षापासून ज्यांच्याकडे आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे त्यांच्याकडूनच माल घेऊ. वेर्नरने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि कॉफी संपली हे सांगावं तशा आवाजात म्हणाला, "मग नाताळला बंद करू."

वेर्नर चौसष्ट वर्षांचा, मागे मूल ना बाळ, तो खुशाल बंद करेल. पण तोवे अठ्ठावन्न वर्षांची, या वयात तिला कोण खुर्ची देणार? आणि दिवसभर घरात बसून होल्गरचं "खाण्यासारखं" तीन वेळा ऐकायचं, ही कल्पनाच तिला सोसेना.

"मी बघते," ती म्हणाली.

"बघ," वेर्नर म्हणाला. परवानगी मिळाली.

एप्रिलमध्ये पहिल्या पाहणीसाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची तपासनीस आली, बेनेडिक्टे लिंडहार्ट. पस्तिशीची, चटपटीत आणि कोपनहेगनची. मोजायच्या पट्ट्या, जोडकामाची यंत्रं, लोखंडाच्या पावत्या, सगळं तिने पाहिलं आणि दर वेळी "वा, मस्त!" म्हणाली. शेडमधली माणसं हे ऐकून अस्वस्थ झाली. दोघांनी तर जोडलेले सांधे पुन्हा तपासले. मग ती ऑफिसात बसली आणि तिने तक्रारींची नोंदवही मागितली.

"नाही," वेर्नर म्हणाला.

"वही नाही?"

"तक्रार नाही." त्याची मान किंचित ताठ झाली. आमच्याकडे एवढ्यालाही गर्व म्हणतात.

"एकाही गिऱ्हाइकाची? इतक्या वर्षांत?" बेनेडिक्टेने पेन खाली ठेवलं. "हे बघा, तक्रार नसलेला कारखाना मी अजून पाहिलेला नाही. न ऐकणारे मात्र पुष्कळ पाहिलेत."

तोवेचे कान लाल झाले. तक्रारी येत होत्या. फक्त कारखान्यात येत नव्हत्या. दर शुक्रवारी चार वाजता तोवे गावातल्या सहकारी दुकानात जाई आणि दुधाच्या थंड कपाटापाशी थांबे. तिथे कुणी शेतकरी किंवा त्याची बायको शेजारी येऊन उभी राही. आधी वाऱ्याबद्दल बोलणं होई, मग पावसाबद्दल, आणि मग दुधाच्या पुड्याकडे बघत ते माणूस म्हणे, "फाटक जरा बसलंय. चालायचंच म्हणा." तोवे ते वेर्नरच्या कानावर घाली. शनिवारी वेर्नर हत्यारांची पेटी आणि बेकरीतला दालचिनीचा केक घेऊन त्या शेतावर जाई, फाटक दुरुस्त करी आणि स्वयंपाकघरात बसून कॉफी पिई. फाटकाचा विषय कुणी काढत नसे.

अडखळत अडखळत तोवेने हे सगळं सांगितलं. वेर्नर खिडकीबाहेर बघत राहिला. घरातलं भांडण कुणी पाहुण्यापुढे मांडलं, असा त्याचा चेहरा झाला होता.

"मग हेच लिहा ना," बेनेडिक्टे म्हणाली.

"दुधाचं कपाट? लिहू?"

"जसं चालतं तसं लिहा. सजवू नका. नोव्हेंबरमध्ये मी परत येते, तोवर वही भरलेली हवी. तेव्हाच काय ते ठरेल."

तोवेने लिहिलं. कार्यपद्धती क्रमांक सात. ठिकाण, दुधाचं कपाट. वेळ, शुक्रवार, दुपारी चार. जबाबदार व्यक्ती, तोवे क्विस्टगोर. पहिली पायरी, हवापाण्याच्या गप्पा. त्या गाळू नयेत, अशी टीपही तिने खाली घातली, कारण गाळल्या तर समोरचा माणूस नुसतं दूध घेऊन निघून जातो.

वेर्नरने वहीत आपल्या जुन्या शेतकरी गिऱ्हाइकाचं नाव पाहिलं आणि तो भडकला. म्हणजे त्याने कप जरा जोरात ठेवला. "क्रेस्टेन ओडगोरचं नाव तक्रारीखाली लिहिलंस? तक्रार कधी केली त्याने? पंचक्रोशीत तोंड दाखवायची सोय ठेवणार नाहीस तू."

"मग काय म्हणू त्याला?"

वेर्नरने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी वहीवरचं 'तक्रारी' हे शीर्षक खोडून त्याने स्वतःच्या हाताने 'कानावर आलेलं' असं लिहिलं, आणि वाद मिटला.

आता मागचंही लिहायला हवं होतं. तोवेला सगळं आठवत होतं. त्या आठवणीचं तिला स्वतःलाही कधी कौतुक वाटलं नव्हतं. कुणाचं फाटक, कोणता महिना, त्या दिवशी पाऊस होता की धुकं, हे सगळं ती रोज दुपारी लिहीत गेली. गेल्या तीन वर्षांच्या एकशे सेहेचाळीस नोंदी झाल्या. त्या एकाखाली एक मांडल्या तेव्हा तिचे डोळे विस्फारले. एकशे बारा ठिकाणी एकच कारण होतं, खालच्या बिजागरीची खीळ झिजलेली.

तिने वही वेर्नरपुढे ठेवली. त्याने बोटाने ओळी खालपर्यंत वाचल्या.

"म्हणजे मी दर शनिवारी तीच खीळ काढत होतो?"

"हो."

"आणि तशीच दुसरी घालत होतो?"

"केक घेऊन."

वेर्नर उठला, शेडमध्ये गेला, आणि त्या आठवड्यापासून खीळ दोन मिलिमीटरने जाड झाली. विकलेल्या फाटकांच्या खिळीही उन्हाळाभर शेतोशेत हिंडून बदलल्या. मग दुधाच्या कपाटापाशी सामसूम झाली. तोवे शुक्रवारी जाऊन उभी राही, लोक वाऱ्याबद्दल बोलत, पावसाबद्दल बोलत आणि मग खरोखरच नुसतं दूध घेऊन घरी जात. कामाच्या बाबतीत कारखान्याला इतका निवांतपणा कधी नव्हता. पंचाईत झाली ती वेर्नरच्या शनिवारांची. दोन शनिवार त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या शनिवारी तो केक घेऊन क्रेस्टेन ओडगोरच्या दारात उभा.

"काय बिघडलंय?" क्रेस्टेनने विचारलं.

"काही नाही."

"मग आलास कशाला?"

वेर्नरने केक पुढे केला. क्रेस्टेनने कॉफी टाकली.

नोव्हेंबरात बेनेडिक्टे परत आली. 'कानावर आलेलं' वाचताना ती दोनदा खुदकन हसली, आणि खिळीची हकीगत तर तिने उभ्याने वाचली. "अहो, याचसाठी असतं हे सगळं!" ती म्हणाली. तोवेचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ टिकला नाही. पुढचा कागद गिऱ्हाइकांच्या समाधानाचा होता.

तोवेने चौतीस गिऱ्हाइकांना छापील पानं पाठवली होती. पाच चौकोन होते, एक म्हणजे फार असमाधानी आणि पाच म्हणजे फार समाधानी. चौतीसच्या चौतीस पानं परत आली होती. तेहेतीस जणांनी तीनवर खूण केली होती. एकाने पाचवर केली होती, पण तो कोपनहेगन सोडून इथे घोडे पाळायला आलेला.

"सरासरी तीन," बेनेडिक्टेचा चेहरा उतरला. "तोवे, हे काही समाधान नव्हे. बरं म्हणजे बरं, वाईट म्हणजे वाईट, असला हा आकडा आहे."

"तीन म्हणजे पुष्कळ झालं," तोवे म्हणाली.

"पाचपैकी?"

"इथे पुष्कळ झालं."

"पण मी अहवालात काय लिहू? इथले लोक असेच असतात, असं? मला पुरावा लागतो हो. समाधान मोजता येत नसेल तर मला हे अडवावं लागेल."

वेर्नरच्या मनात एव्हाना कारखान्याला कुलूपही लागलं असेल. तोवेने मात्र फोनचा स्पीकर लावला आणि तो टेबलाच्या मधोमध ठेवला. "यादीतलं कुठलंही नाव निवडा. तुम्हीच विचारा," ती म्हणाली.

बेनेडिक्टेचं बोट यादीवरून फिरलं आणि क्रेस्टेन ओडगोरवर थांबलं. तोवेने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. क्रेस्टेन आठवड्याला तीन वाक्यं बोले, आणि आज गुरुवार होता.

"क्रेस्टेन, मी फाटकांबद्दल विचारते आहे," बेनेडिक्टे म्हणाली. "कशी आहेत?"

फोनमधून बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. "टांगलेली आहेत."

"समाधानी आहात का तुम्ही?"

"मी काही बोललोय का कुणाला?"

"नाही, तसं नव्हे. तुम्ही तीनवर खूण केलीत. वरचा चौकोन का नाही निवडला?"

"तीनच्या वर काय असतं?" क्रेस्टेनने खरोखरच विचारलं.

बेनेडिक्टेने तोवेकडे पाहिलं. तोवेने खाली जमिनीकडे.

"बरं, एवढंच सांगा. किती वर्षं घेताय त्यांच्याकडून?"

"बाप घ्यायचा. मग मी."

"मधे कधी दुसऱ्या कुणाकडून घ्यायचा विचार केलात?"

या वेळी वारा इतका वेळ वाहिला की फोन कटला की काय, असं वाटलं. मग क्रेस्टेन म्हणाला, "दुसऱ्या कुणाचा? नाही. कशाला?" त्याने फोन ठेवला. त्याचा आठवड्याचा साठा संपला होता.

मग बेनेडिक्टेने ऑर्डरींच्या फायली मागवल्या आणि स्वतः चाळल्या. चौतीसपैकी एकतीस गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं फाटकांसाठी इथेच परत येत होती. हे तिने लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"हा पुरावा झाला," ती म्हणाली. "आता शेवटचं. कामगारांची पात्रता." मालकाने प्रत्येकाच्या कामाला पाचपैकी गुण द्यायचे आणि खाली कारण लिहायचं, असा तो कागद होता. अठरा कागद होते, अठराही तीन. बेनेडिक्टे आता शहाणी झाली होती, तिने भुवईही उचलली नाही. "पण तुमचा कागद कुठे आहे, तोवे?"

"माझा नाही."

"का?"

तोवेला सांगता येईना. बाकीच्यांचे कागद तिने वेर्नरपुढे ठेवले होते. स्वतःचा ठेवायचा म्हणजे, घे, कर माझं कौतुक, असं म्हणण्यासारखं होतं. त्यापेक्षा ती दुकानात नाचली असती.

"त्याशिवाय मला फाईल बंद करता येणार नाही," बेनेडिक्टे म्हणाली.

वेर्नरने हात पुढे केला. कोरा कागद घेऊन तो खिडकीपाशी बसला. तोवे कॉफी करायला वळली आणि किती चमचे घातले ते विसरली. वेर्नर जमिनीच्या खरेदीखतावर सही करावी तसा बसून होता. शेवटी त्याने कागद उलटा करून बेनेडिक्टेकडे सरकवला. तिने तो वाचला, एकदा वेर्नरकडे बघितलं, आणि एप्रिलमध्ये दहा वेळा "मस्त" म्हणालेली ती बाई या वेळी काही म्हणाली नाही. तिने कागद क्रमांक घालण्यासाठी तोवेच्या हातात दिला.

खूण चारवर होती.

"वेर्नर," तोवे हळूच म्हणाली, "इथे चूक झालीय. तू पुढच्या चौकोनात—"

"चूक नाही."

तिने खालची ओळ वाचली. कारणाच्या रकान्यात वेर्नरच्या जाड अक्षरात लिहिलं होतं, 'दुसऱ्या कुणाचा कधी विचार केला नाही.'

"कॉफी झाली का?" वेर्नरने खिडकीबाहेर बघत विचारलं.

तोवेने कॉफी ओतली. अर्धी कपात पडली, अर्धी बशीत. तिला रडू येत होतं आणि ते सुखाचं होतं, पण ऑफिसात दोन माणसं होती म्हणून ती फडकं शोधायला बाहेर गेली आणि बराच वेळ शोधत राहिली.

डिसेंबरात प्रमाणपत्र आलं आणि नॉर्वेची ऑर्डरही पाठोपाठ आली. वेर्नरने प्रमाणपत्र कॉफीच्या यंत्रामागच्या भिंतीवर टांगलं, लांबून पाहिलं आणि म्हणाला, "भिंतीवरचा डाग झाकला." शेडमध्ये त्या दिवशी सगळ्यांनी केक खाल्ला. तो वेर्नर शनिवारी शेतावर नेणार होता.

चारची गोष्ट तोवेने घरी सांगितलीच नव्हती, कारण सांगणं म्हणजे बढाई. पण त्या संध्याकाळी जेवताना तिला राहवेना. बटाट्याचं भांडं पुढे करत ती म्हणाली, "वेर्नरने गुण दिले मला. कामाचे."

"हं," होल्गर म्हणाला.

"चार."

होल्गरने काटा ताटात ठेवला. मग सुरीही ठेवली. तेहेतीस वर्षांत जेवण अर्ध्यात थांबवून तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता.

"चार?" तो म्हणाला. "तब्येत बरी आहे ना त्याची?"