शमुवेलकाकांना शांती नको होती

शमुवेलकाका गेल्याचं रूथकाकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा ‘आत्म्याला शांती लाभो’ अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. काकांना शांती नकोच होती…

हिंदी मुलखातल्या चेरीताल मोहल्ल्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. काका सरकारी कारखान्यात फिटर, धाकटा भाऊ योना एका खासगी कारखान्यात. लढाईची वर्षं, लष्कराच्या मालाची घाई. पत्रा दाबायची प्रेस बिघडली आहे, बंद करा, असं योना सांगत राहिला. शेठनं ती चालूच ठेवली. शेवटी ती योनाच्याच छातीवर आली, तो जागीच गेला. चौकशीत चूक योनाची ठरली, आणि शेठच्या गळ्यात देशसेवेचे हार पडले.

त्यानंतर काका जुने धर्मग्रंथ घेऊन बसू लागले. मी कॉलेजात इतिहास शिकत होते, म्हणून मला हाक मारायचे. येशूच्या काळी यहुद्यांत परूशी पंथाचे लोक म्हणत, शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेलेले पुन्हा उठतील; सदूकी म्हणत, नाही. “सदूकी कोण होते? मंदिरातले बडे लोक. ज्याला इथंच सगळं मिळालं, त्याला न्यायाचा दिवस काहून पाहिजे?” जुलमी राजांनी हालहाल करून मारलेल्यांच्या आप्तांनी ही आशा धरून ठेवली, असं ते सांगत. पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही नुसता आत्मा नाही, देह उठतो असं मानलं. “प्रभू उठला तेव्हा हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. माझा योनाही उठेल… मोडलेल्या छातीसकट.”

पुढे शेठ अंथरुणाला खिळला. काका भेटायला निघाले, तेव्हा बाबांनी काळजीनं मला सोबत धाडलं. शेठचे डोळे भरून आले. “शमुवेलजी, माफ कर दिया?”

काका उशाशी बसले. “मैं रोज़ दुआ करता हूँ कि आप उठें.”

शेठनं हात जोडले.

“इस खाट से नहीं,” काका हळूच म्हणाले. “चिता की राख से. और सामने मेरा योना खड़ा हो.”

मग त्यांनी शेठची घसरलेली चादर नीट केली आणि उठले. रस्त्यात मी म्हटलं, “काका, मरणाऱ्या माणसाला असं बोलायचं?”

“माफी देवानं द्यावी. मी तर साक्षीदार आहे.”

परवा काकूंकडे गेले. दफनासाठी मुलांनी नवे बूट आणले होते, पण काका आधीच बजावून गेले होते : कारखान्यातलेच घाला, जाड तळव्यांचे. काकूंनी विचारलं होतं, काहून? “त्या दिवशी खूप वेळ उभं राहावं लागेल.”

त्या बुटांना लावलेल्या पॉलिशची डबी अजून खिडकीत आहे. काकू तिला कुणाला हात लावू देत नाहीत.