सासूबाईंच्या गाडीची अंघोळ

जावयानं सासूबाईंच्या गाडीचं इंजिन धुतलं. शॅम्पू लावून.

इंजिन ही अशी न्हाऊ घालायची वस्तू नव्हे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. तो ग्रंथपाल. धूळ दिसली की त्याचे हात शिवशिवतात. चार दिवस रजा काढून बायकोबरोबर तिच्या माहेरी आला होता. घरातली पुस्तकं पहिल्याच दिवशी पुसून झाली होती. शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून घर आडवं झालं, तेव्हा त्यानं सहज म्हणून गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट उघडलं. आत सत्तावीस वर्षांचं तेल आणि सत्तावीस वर्षांची धूळ एकमेकांना बिलगून बसलेली. त्यानं बागेची नळी ओढून आणली, न्हाणीघरातून बायकोचा सफरचंदाच्या वासाचा शॅम्पू आणला आणि अर्ध्या तासात इंजिन असं लख्ख केलं, की त्यात बघून भांग पाडावा. मग बॉनेट लावलं, फरशी पुसली, नळी जागेवर गुंडाळून ठेवली. सासूबाई बॉनेट उघडतील, थक्क होतील आणि दहा वर्षांत पहिल्यांदा म्हणतील, "वा, जावईबापू!" एवढंच त्या बिचाऱ्याचं स्वप्न होतं.

सासूबाईंकडून "वा" मिळवणं सोपं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी साहाय्यक म्हणून एकतीस वर्षं काढली होती. वय एकाहत्तर, उंची बेताची, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. गाडीचं काम करताना अंगात शाळेतलाच निळा एप्रन, खिशात खडू.

गाडी त्यांनी नवी घेतली होती. पहिली काही वर्षं ती कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जायची. एकदा ती सुरू होईना, तेव्हा त्यानं एकाच दिवशी प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला आणि बॅटरीही बदलली. गाडी सुरू झाली. सासूबाईंनी विचारलं, "बरी कशानं झाली?"

"झाली ना बरी, बाई! कशानं का होईना."

"तीनातलं कशानं?"

"ते आता कसं सांगणार?"

"मग तुम्ही शिकलात काय?"

असा प्रश्न त्या मेकॅनिकला उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. सासूबाईंनी त्यानं काढून टाकलेले सगळे जुने भाग पिशवीत भरून घरी आणले, एकेक परत बसवून पाहिला आणि दोष एकट्या बॅटरीचा होता हे दुसऱ्या दिवशी त्याला जाऊन सांगितलं. तो बिचारा चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला. त्या दिवसापासून गाडी सासूबाईंच्या हाताखाली आली.

त्यांची पद्धत प्रयोगशाळेतलीच. फुकटात तपासता येतं ते आधी, खर्चाचं सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फळा म्हणून गॅरेजची भिंत होती. 'सकाळी पहिली किल्ली: नाही. दुसरी: हो.' 'डावीकडे वळताना हॉर्न आपोआप.' 'पट्टा किंचाळतो, पण फक्त पाहुणे आले की.' कारण सापडलं की ओळ पुसायची. भिंत पूर्ण कोरी झालेली कुणी पाहिली नव्हती. पेट्रोलचा काटा तर बारा वर्षं अर्ध्यावरच होता. सासूबाई गाडी कमरेनं हलवून टाकीतला आवाज ऐकायच्या आणि सांगायच्या, "बाजारापुरतं आहे. बहिणीकडे जायचं तर भरावं लागेल." चोक जागेवर राहत नसे, म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा. मागचं डावं दार आतूनच उघडे, म्हणून सासरेबुवांची जागा तिथे. स्वतः बसणार, स्वतः उघडणार, मध्ये झोपणार. बाकी गाडीशी त्यांचा संबंध नव्हता.

आणि जावयाकडे टॉर्च. दहा वर्षांत त्याची एवढीच बढती झाली होती, आणि तीही नीट निभावत नव्हती. कारण त्याचा टॉर्च त्याच्या नजरेबरोबर फिरे.

"जावईबापू, तुम्ही बघता तिकडे नको. मी बघते तिकडे."

"हो, आई."

"आता तुम्ही माझ्याकडे बघताय. माझ्या तोंडात स्क्रू नाहीये."

तर, असं हे स्वप्न बघत जावई पलंगावर लवंडला आणि तिकडे सगळा घोटाळा झाला. सासूबाई रोज गाडी काढण्याआधी बॉनेट उघडून तेल-पाणी बघत. एक दिवस चुकवत नसत. पण त्या दिवशी चारला सासरेबुवांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि सासरेबुवांनी वीस मिनिटं घालवली चष्मा शोधण्यात. तो कपाळावर निघाला. उशीर झाला, बॉनेट उघडायचं राहिलं, गाडी निघाली. जावयाला जाग आली तेव्हा गॅरेज रिकामं होतं. त्यानं मनाची समजूत घातली, की पाण्यानं काय होतंय? पावसात नाही का गाड्या चालत?

पावसात बॉनेट लावलेलं असतं, हा बारकावा त्याला तेव्हा सुचला नाही.

दुसऱ्या स्पीडब्रेकरवर गाडीला आचका बसला. तिसऱ्यावर खोकला. आणि मोठ्या चौकात, सिग्नल हिरवा होता होता, तिनं मान टाकली. चौकही कुठला? ज्याच्या नाक्यावर मेहुण्याचं, म्हणजे सासूबाईंच्या मुलाचं, ऑफिस आहे तोच. चहाला खाली उतरलेल्या मेहुण्यानं पाहिलं, तर रस्त्याच्या मधोमध आपली आई स्टिअरिंग धरून बसलेली, मागे वीस गाड्या कोकलताहेत आणि मागच्या सीटवर बाबा शांत झोपलेले.

मेहुणा वाईट मुलगा नव्हता. पण चार महिन्यांपूर्वी गाडी पुलाच्या तोंडाशी अशीच बंद पडली होती, मागून ट्रक येत होता, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नव्हतं. तेव्हा त्यानं आईकडून शब्द घेतला होता, "परत एकदा रस्त्यात बंद पडली तर भंगारात. मग कुरकुर नाही." सासूबाई म्हणाल्या होत्या, "नाही करणार." आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मेहुण्यानं दोर बांधून गाडी ओढत घरी आणली. गॅरेजच्या दारातच फोन लावून भंगारवाल्याला उद्या सकाळी दहाची वेळ दिली आणि म्हणाला, "आई, उद्या."

"उद्या," सासूबाई म्हणाल्या आणि एप्रन चढवू लागल्या.

"आता कशाला उघडतेयस? जाणारच आहे ना ती?"

"जाईल. पण ओढत नाही, स्वतःच्या चाकांवर जाईल. जावईबापू, टॉर्च!"

जावई टॉर्च घेऊन आला. सासूबाईंनी बॉनेट उचललं.

आत सगळं झळाळत होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा इंजिनाचा मूळ रंग दिसत होता. तो करडा होता. सासूबाईंनी डोळे बारीक केले, एक लांब श्वास नाकानं घेतला आणि म्हणाल्या, "हं."

बस्स. "हं" एवढंच.

मग त्यांनी काम सुरू केलं, अगदी पहिल्या पायरीपासून. गाडी कमरेनं हलवली, पेट्रोल आहे. दिवे लावून पाहिले, झगझगीत. बॅटरीच्या टोकांवर पांढरं किटण चढलंय का बघितलं, नव्हतं, तेही धुऊन निघालं होतं. प्रत्येक तपासणीनंतर त्या थांबायच्या, खडू उचलायच्या, भिंतीवर लिहायच्या, 'पेट्रोल: ठीक.' 'बॅटरी: ठीक.' आणि जावयाकडे बघायच्या. जावई टॉर्चकडे बघायचा. टॉर्च छताकडे बघायचा.

"काही सुचतंय का, जावईबापू?"

"नाही, आई. जुनी गाडी... म्हणजे, वय झालं की..."

"वय झालं की. बरोबर." त्यांनी पुढची तार उपसली.

तेवढ्यात जावयाची बायको गॅरेजच्या दारात आली. हातात रिकामी बाटली.

"अहो, माझा शॅम्पू कुणी संपवला? परवा तर आणला होता!" मग ती थबकली. नाक वर करून तिनं हवा हुंगली. "आई, इथे सफरचंदांचा वास कसला येतोय?"

सासूबाईंनी मान वर न करता सांगितलं, "जुन्या गाड्यांना येतो. कधी कधी."

"सफरचंदाचा?"

"इंजिन पिकलं की येतो. जा, तुझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन ये."

बायको बुचकळ्यात पडून गेली. जावयाला मात्र आता लख्ख कळलं. बाईंना सगळं ठाऊक आहे. बॉनेट उघडलं तेव्हापासून ठाऊक आहे. त्याला एक जुनी गोष्ट आठवली, बायकोनंच सांगितलेली. प्रयोगशाळेत कुणी काचेचं भांडं फोडलं तर तिच्या आईनं कधीही मुख्याध्यापकांना पोराचं नाव सांगितलं नाही. त्या फक्त समोर उभ्या राहायच्या, हळूहळू काचा गोळा करायच्या आणि वाट बघायच्या. फोडणाऱ्यानं आपणहून सांगायचं. नाही सांगितलं तर भांडं हिशेबात त्यांच्या हातून फुटलेलं.

गेला तासभर त्या काचाच गोळा करत होत्या.

सासूबाईंनी चार प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी पुरवणाऱ्या डब्याचं काळं झाकण सोडवलं आणि उलटं केलं. आत पाण्याचे थेंब, दवासारखे. ते त्यांनी फडक्यानं टिपले. ड्रायर आला, त्यानं झाकण वाळवलं, प्लगांच्या खाचा वाळवल्या. झाकण बसवलं. किल्ली फिरवली. पहिली: नाही. दुसरी: हो. गाडी तिच्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात बोलू लागली.

आवाज ऐकून मेहुणा बाहेर आला. "झाली सुरू? छान. उद्या भंगारवाल्याला सोपं जाईल."

सासूबाईंनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली. क्षणभर ती मुठीत धरली, मग मुलाच्या तळहातावर ठेवली. "घे. शब्द दिला होता."

त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत काय, बॉनेटपर्यंतही पोचला नाही. आणि तोच जावयाला सोसला नाही.

"थांबा!" तो ओरडला. टॉर्च थेट मेहुण्याच्या डोळ्यांत. "गाडी बंद पडली नाही. मी पाडली. मी तिला अंघोळ घातली. दुपारी. नळीनं. शॅम्पू लावून."

मेहुण्यानं हातानं टॉर्च बाजूला सारला.

"माझा शॅम्पू!" बायको म्हणाली.

"इंजिनाला?" मेहुणा म्हणाला.

"धूळ होती हो..." जावई म्हणाला.

मेहुण्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्या झळाळत्या इंजिनाकडे. "आणि तुला हे माहीत होतं?"

"मला पाणी सापडलं. ते कुठून आलं, हे सांगणं माझं काम नाही."

"अगं, उद्या गाडी गेली असती!"

"गेली असती," सासूबाई म्हणाल्या.

मेहुणा बराच वेळ तळहातावरची किल्ली खालीवर करत राहिला. तोही अखेर त्याच बाईंच्या हाताखाली वाढलेला. एक भांडं त्यानंही कधीतरी फोडलं असावं. "आपण ठरवलं होतं ते गाडी बंद पडली तर," तो शेवटी म्हणाला. "बंद पाडली तर काय, ते ठरलं नव्हतं." त्यानं किल्ली परत आईच्या एप्रनच्या खिशात टाकली. "पण रोज बॉनेट उघडून बघायचं. चष्मा सापडो न सापडो."

"कबूल."

"आणि हा आला की कुलूप लावायचं."

"दोष सापडला म्हणजे एकदाचा," बायको म्हणाली. "दहा वर्षं आपल्याच घरात जेवतोय."

एवढ्यात मागच्या सीटवर हालचाल झाली. दार आतून उघडलं आणि सासरेबुवांनी डोकं बाहेर काढलं. त्यांना उतरवायचं सगळ्यांच्याच लक्षातून गेलं होतं.

"आला का आपला नंबर?" त्यांनी विचारलं.

त्यांना हाताला धरून बायको आणि मेहुणा घरात घेऊन गेले. सासूबाईंनी भिंतीवर 'कारण:' लिहिलं, खडू क्षणभर थांबला, मग पुढे लिहिलं, 'पाणी.' नाव लिहिलं नाही. मग बाहीनं ओळ पुसली आणि सैल राहिलेला एक स्क्रू आवळायला परत बॉनेटखाली वाकल्या. जावई शेजारी उभा. या बाईनं आपली लाज राखायला सत्तावीस वर्षांची गाडी पणाला लावली, याचा हिशेब त्याला लागत नव्हता.

"आई," तो म्हणाला, "मला मनापासून वाटतं, हे सगळं मी तुमच्याकडून शिकावं. ही पद्धत, हे ऐकणं, हे एकेक करून शोधणं. पुढे कधीतरी ही गाडी मी सांभाळावी, तुमच्यासारखी. शिकवाल मला?"

"आधी टॉर्च धरायला शिका."