शिफारस : घेऊ नये

"यात एक गोची आहे," असं म्हणत ते चष्मा कपाळावर सरकवायचे, की आमच्या सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात भल्याभल्यांचे चेहरे उतरायचे. सॉफ्टवेअर बाहेर पडायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम. वीसेक वर्षं तेच केलेलं. आम्ही मराठी मंडळी त्यांना काका म्हणायचो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. नसेल तर तुमचं नशीब थोर.

कॅन्टीनमधल्या लक्सा नूडल्समध्ये गोची, मरीन परेडच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या नळात गोची, माझ्या बटाट्याच्या भाजीत तर दोन. "मोहरी तडतडली नाही, आणि मीठ नंतर घातलंयस." मी डबा ओढून घ्यायचे. "मग खाऊ नका!" तरी खायचे.

या माणसाला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं तेव्हा मी म्हटलं, आता बघायलाच नको. कारण साधं होतं. एकुलता एक मुलगा तिकडे कॉलेजात शिकत होता. इथल्या शाळेत कायम पहिला, स्कॉलरशिप मिळवून गेलेला. फोनवर "हं, ओके बाबा" यापलीकडे बोलायचा नाही. फक्त तिथल्या फुटबॉलचा विषय काढला की अर्धा अर्धा तास त्याचं तोंड बंद व्हायचं नाही. म्हणून काकांनी या वयात त्या खेळाचे नियम पाठ केले.

मुलाच्याच कॉलेजात एक क्वार्टरबॅक होता. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल कुणाकडे फेकायचा ते ठरवणारा, टीमचा कर्ताधर्ता. या पोराचा भलता गाजावाजा होता, पण शेवटच्या वर्षी त्यानं सपाटून मार खाल्ला. तिकडे दरवर्षी मोठ्या व्यावसायिक टीम्स कॉलेजातले खेळाडू एकेक करून निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. मुलाच्या गावातल्या टीमचा निवडीत यंदा दुसरा नंबर होता. मुलानं विचारलं, "बाबा, शुड वी टेक हिम?"

झालं! काकांनी दोन रविवार बसून त्या पोराच्या मॅचेस पाहिल्या आणि चौदा दोषांची यादी मुलाला पाठवली, अगदी ऑफिसात आम्हाला पाठवायचे तशी. पहिलाच दोष, प्रकार गंभीर : दबाव आला की कोलमडतो. सगळ्यात खाली एक ओळ. शिफारस : घेऊ नये.

मुलाचं सिंगापुरी वळणाचं उत्तर आलं, "सो वन बॅड इयर अँड फिनिश्ड, इज इट? नोबडी शुड टेक हिम, लाह?"

काकांनी लिहिलं, "आकडे तेच सांगतात."

त्यानंतर मुलाचं एक अक्षर नाही. फोनही उचलेना.

"रुसलाय हो," मी म्हटलं, "तुम्ही त्याच्या लाडक्याचा कचरा केलात." आम्ही दोघं हसलोसुद्धा. आता त्या हसण्याची मला लाज वाटते.

ड्राफ्टला तीन आठवडे उरले असताना काकूंना राहवलं नाही, त्यांनी काकांना सांगून टाकलं. मुलगा नापास झाला होता, स्कॉलरशिप गेली होती, वर्गात जाणं सोडून तो खोलीतच पडून होता. "बाबांना सांगू नकोस," असं त्यानं आईला बजावलं होतं. काकांची यादी गेली, तेव्हा त्याचा निकाल लागून आठवडाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या शेजारी येऊन बसले. "अगं, तो स्वतःबद्दल विचारत होता," ते म्हणाले, "आणि मी चौदा दोष काढले." मी चहा आणून दिला. तो तसाच गार झाला.

तेव्हापासून रोज एकच. "घेतील ना गं त्याला?" टीमनं घेतलं की ते मुलाला लिहिणार होते, माझं चुकलं, तुझंच बरोबर. आकड्यांशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस तोआ पायोहच्या देवळात जाऊन नवस बोलून आला. कुठल्या एका सहाफुटी गोऱ्या पोरासाठी नवस! मी चिडले. "अहो, सरळ लिहा ना मुलाला, की मला कळलंय म्हणून!"

"आईनं सांगितलं हे कळलं तर तिच्याशीही बोलणं टाकेल. मग त्याला कोण उरलं?"

मग मीच म्हटलं, ड्राफ्ट आपण दोघं मिळून बघू.

ड्राफ्ट आपल्याकडे शुक्रवारी सकाळी आठला. आम्ही मीटिंग रूम अडवून लॅपटॉप लावला. पहिल्या टीमनं दुसरंच कुणी उचललं. काकांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं. मग आमचा नंबर आला आणि आमच्या टीमनं डोंगराएवढा एक बचावपटू घेतला.

मला वाटलं हे आता रडणार. नाही रडले. बघत राहिले. कॅमेरा सारखा त्या क्वार्टरबॅककडे जायचा. नवा सूट घालून, घरच्यांबरोबर टेबलाशी बसलेला. एकेक नाव पुकारलं जायचं आणि तो बिचारा दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायचा. शेजारी त्याचा बाप, पोराच्या पाठीवर हात ठेवून.

"तासभर झाला," काका म्हणाले. "हात काढला नाहीये त्यानं. आणि बोलत काहीच नाहीये. बघ, एक शब्द नाही."

ते उठले. बॅग उचलली.

"कुठे निघालात?"

"एअरपोर्टवर."

"अहो, पासपोर्ट?"

"तीन आठवडे बॅगेतच आहे, व्हिसासकट. धीर होत नव्हता. टीमची वाट बघत बसलो मी, गाढव."

सोमवारी सॉफ्टवेअर बाहेर पडायचं होतं आणि त्यावर त्यांची सही लागायची. नोकरी गेली की इथे राहायचा पासही जातो, हे आम्हा सगळ्यांना झोपेतही पाठ असतं. मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि लिफ्टकडे गेले. ऑफिसजवळच्या एक्स्पो स्टेशनवरून एअरपोर्ट एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, एकच स्टेशन. नोकरी पुढे गेलीच. त्यांचं सामान खोक्यात भरून मीच काकूंकडे पोचवलं.

शनिवारी सकाळी ड्राफ्ट पुढे सुरू झाला आणि कुठल्याशा दुसऱ्या टीमनं त्या क्वार्टरबॅकला घेतलं. मी लगेच काकांना कळवलं. रविवारी दुपारी त्यांचा मेसेज आला. त्यात क्वार्टरबॅकचं नावही नव्हतं.

"तीन तास त्याच्या दाराबाहेर बसलो होतो. काही बोललो नाही. आत्ता उघडलंय."